स्तन काढल्यानंतर पुन्हा स्तन घडवण्याचं ऑपरेशन : कुणी करून घेतलंय का? (सोलापूर)

अबोली_सोलापूर | १७ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय ४४, शाळेत गणित शिकवते. उजवा स्तन काढला आहे, काखेतल्या गाठीही काढल्या. नंतर केमो झाली, १५ शेक (रेडिएशन) झाले, आता कॅन्सर परतू नये म्हणून रोज टॅमॉक्सिफेनची गोळी. शेक संपून नऊ महिने झाले. रिपोर्ट चांगले आहेत, शाळाही सुरू आहे.

चार दिवसांपूर्वी सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे देवाच्या लग्नाला, गेले होते. संमती कट्ट्याजवळची गर्दी सोलापूरकरांना सांगायला नको. 'सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्' झालं, अक्षता टाकायला हात वर केला आणि ब्लाऊजमध्ये ठेवलेली कापसाची घडी सरकून पार गळ्यापाशी आली. कुणी पाहिलं नसेलही. पण समोर सातही नंदीध्वज उभे आणि मी पदर मुठीत धरून खाली बघत उभी. घरी येईपर्यंत मूठ सोडली नाही.

ऑपरेशनच्या आधी मला या विषयावर कुणी एक शब्द बोललं नाही. गाठ आहे, स्तन काढावा लागेल, इथे सही करा, एवढंच. पुन्हा स्तन घडवता येतो हे मला केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंकडून कळलं. मी कदाचित तेव्हाही नको म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं ना?

आता विचारलं तर घरात सासूबाई म्हणतात, दोन्ही मुलं पाजून मोठी झाली, आता कशाला पुन्हा कापून घेतेस? मिस्टर नाही म्हणत नाहीत, हो पण म्हणत नाहीत.

मला खरी माहिती हवी आहे. कोणकोणते प्रकार असतात, शेक झाल्यावर काय चालतं, किती दिवस घरी बसावं लागतं, हात पूर्वीसारखा चालतो का. मला फळ्यावर लिहायचं असतं, आणि उजव्याच हाताने.

---

रेवा_कोथरूड | १७ जानेवारी, रात्री ११:२५

अबोलीताई, आधी तुम्हाला घट्ट मिठी.

माझं चार वर्षांपूर्वी पुण्यात झालं. स्तन काढतानाच, त्याच भुलीत, वरची कातडी तेवढी ठेवून आत एक्स्पांडर बसवला. म्हणजे रिकामा फुगा. त्याला कातडीखाली एक छोटं झाकण असतं, त्यातून दर एक-दोन आठवड्यांनी सुईने सलाइन भरतात. कातडी हळूहळू ताणली जाते. भरल्यावर दोन दिवस छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं वाटायचं. काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून फुगा काढला आणि सिलिकॉनचं इम्प्लांट घातलं. ते ऑपरेशन लहान होतं.

कपड्यात काही कळत नाही. मी समाधानी आहे. पण मला कुणी आधी सांगायला हवी होती अशी गोष्ट म्हणजे त्या जागी स्पर्श जवळजवळ कळतच नाही. थंडीत ती बाजू हाताला गार लागते. एकदा शेकायची पिशवी ठेवली आणि भाजलं तरी मला समजलं नाही. तेव्हापासून त्या बाजूला गरम काही नाही.

मला शेक द्यावे लागले नव्हते. तुमचं तसं नाही, त्यामुळे माझ्यावरून तुमचं ठरवू नका.

---

समाधान_६० | १८ जानेवारी, सकाळी ७:१०

ताई, राग मानू नका, वडीलकीच्या नात्याने लिहितो. देवाच्या कृपेने जीव वाचला आहे. शरीर इतकं सोसून बसलंय. पुन्हा भूल, पुन्हा टाके हे फक्त दिसण्यासाठी करावं का? मुलांसाठी तुम्ही हव्या आहात. आमच्या घरातही हा आजार येऊन गेला, म्हणून काळजीने बोलतो.

---

माढेकर | १८ जानेवारी, सकाळी ९:०२

समाधानकाका, तुमची काळजी पोचली. पण मी नवरा म्हणून लिहितो.

माझ्या बायकोने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला काही फरक पडत नाही, तू आहेस तेवढं बास." मला वाटलं मी मोठं प्रेमाचं बोललो. तिला ऐकू गेलं ते असं की आता हा विषय संपला. त्यानंतर दोन वर्षं तिने माझ्यासमोर कपडे बदलले नाहीत, आणि मला वाटत होतं सगळं ठीक आहे. शेवटी तिच्या बहिणीने मला बसवून सांगितलं.

अबोलीताई, मिस्टरांना डॉक्टरांकडे सोबत न्या. त्यांनाही बहुधा माहीत नाही, म्हणून ते गप्प आहेत.

---

सुईदोरा | १८ जानेवारी, दुपारी ३:३०

मी प्लास्टिक सर्जन आहे, पश्चिम महाराष्ट्रात काम करतो. तपासल्याशिवाय 'तुम्ही हेच करा' असं सांगणार नाही. मात्र प्रश्न बरोबर विचारले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मनातली भीती. पुन्हा स्तन घडवल्याने कॅन्सर परतायची शक्यता वाढत नाही. दुसऱ्या बाजूची वर्षाची मॅमोग्राफी मात्र चुकवायची नाही.

आता शेक. शेक दिलेली कातडी जाड होते, तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमी होतात, ती ताणायला तयार नसते. इम्प्लांट कुणाच्याही शरीरात घातलं तरी शरीर त्याच्याभोवती एक पडदा विणतं. शेक झालेल्या छातीत हा पडदा आवळून घट्ट होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. मग स्तन कडक होतो, वर सरकतो, दुखतो. म्हणून तुमच्यासारख्या पेशंटला आम्ही शक्यतो तिचंच मांस, स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट, दुसरीकडून आणून देतो. तेही शेक संपल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर थांबून. तुमची वेळ आता होत आली आहे.

आणायचं कुठून? पाठीवरून किंवा पोटावरून.

पाठीचा लॅटिसिमस नावाचा रुंद, चपटा स्नायू असतो. तो वरच्या कातडीसकट सोडवून, काखेखालून पुढे वळवून छातीवर बसवतात. त्याची रक्तवाहिनी तोडावी लागत नाही, म्हणून हे ऑपरेशन भरवशाचं. तुमच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, तेव्हा ती रक्तवाहिनी शाबूत आहे ना हे सर्जन आधी बघतील. ऑपरेशनची जुनी नोंद असेल तर घेऊन जा. पाठीवरचा व्रण ब्राच्या पट्ट्याखाली लपवता येतो. पाठीत पाणी साचणं ही नेहमीची कटकट, ते सुईने काढावं लागतं, कधी दोन-तीनदा. मांस थोडंच मिळतं, त्यामुळे स्तन मोठा असेल तर आत इम्प्लांट जोडावं लागतं किंवा नंतर मांडीची चरबी भरावी लागते. भरलेल्या चरबीतली काही जिरून जाते, म्हणून ते काम एका फेरीत क्वचितच संपतं.

पोटावरून घ्यायचे दोन प्रकार. जुना ट्रॅम, १९८२ पासूनचा. त्यात पोटाचा उभा स्नायूही जातो, मग पोटाची भिंत कमजोर होते, हर्निया होऊ शकतो. घागरी, पोती उचलणाऱ्या बाईच्या बाबतीत मी याचा फार विचार करतो. दुसरा डीप. त्यात स्नायू जागेवर राहतो. बेंबीखालची कातडी, चरबी आणि स्नायूतून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या घेतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. सहा-आठ तास सहज जातात. घडलेला स्तन मऊ असतो, वजन वाढलं-उतरलं की तोही त्याप्रमाणे बदलतो. पण पहिले दोन-तीन दिवस दर तासाला त्याचा रंग, ऊब बघत बसावं लागतं. जोडलेल्या वाहिनीत गुठळी झाली तर रात्री दोन वाजताही पुन्हा टेबलवर घ्यावं लागतं. म्हणून सर्जनला विचारायचा पहिला प्रश्न खर्चाचा नको. हे ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय, आणि रात्री कोण असतं, हे विचारा. चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही.

सिझेरियनच्या व्रणाने सहसा अडत नाही. आधी स्कॅन करून वाहिन्या बघतात.

टॅमॉक्सिफेनने रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, हे दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी मनाने बंद करू नका. साखर असेल तर आटोक्यात आणा. आणि तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर ती ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद. आपल्याकडे बायका मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत. विचारलं की नाही म्हणतात.

निपल सगळ्यात शेवटी, तीन ते सहा महिन्यांनी. तिथल्याच कातडीची घडी घालून करतात, रंग गोंदवून देतात. बऱ्याच जणी तेवढ्यावर थांबतात, निपल करतच नाहीत.

---

श्रीलता_कुंभारी | १८ जानेवारी, रात्री ९:४५

डॉक्टर, मिश्रीचं तुम्ही लिहिलं आणि मला अम्मा आठवली. तिची गोष्ट सांगते.

आम्ही पद्मशाली. अम्मा तीस वर्षं विड्या वळते. गोदुताई घरकुलात राहतो. तिचं डावीकडचं ऑपरेशन आणि नंतर पाठीचा स्नायू आणून बसवणं दोन्ही परळला, टाटा हॉस्पिटलमध्ये झालं. आम्ही वेगळं काही मागितलं नव्हतं, तिथल्या डॉक्टरांनीच विचारलं. अम्माला मराठी कळतं पण दवाखान्यात ती घाबरून तेलुगूच बोलते, म्हणून मी मध्ये. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं, अम्मा नाही म्हणाली. मी म्हटलं, अगं मिश्री? ती म्हणाली, ती तर दातांना. सहा आठवडे तारीख पुढे गेली. त्या सहा आठवड्यांत तिची फार चिडचिड झाली, डोकं दुखायचं, झोप नव्हती. पण सोडली ती सोडलीच.

ऑपरेशननंतर तीन नळ्या होत्या, दोन पुढे, एक पाठीला. नळीच्या बाटलीत रोज किती पाणी आलं ते मी वहीत लिहून ठेवायचे. पाठीतलं पाणी दोनदा सुईने काढलं.

तुम्ही हाताचं विचारलंय. तीन महिने अम्माला विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसता आलं नाही. बोटं चालायची, पण खांदा पुढे ओढून बसलं की पाठ ताणायची. भिंतीवर बोटांनी वर वर चढायचा व्यायाम तिने रोज केला, दारामागे पेन्सिलने खुणा केल्या होत्या. चौथ्या महिन्यात पुन्हा विड्या सुरू केल्या, आधी अर्ध्या. आता पूर्ण वळते. बादली विहिरीतून ओढल्यासारखं जोराचं काम केलं तर डावा हात कमी पडतो असं ती म्हणते.

काखेतल्या गाठी काढल्यात तर त्या हाताला सूज येऊ देऊ नका ताई, ब्लडप्रेशर आणि सुई दुसऱ्या हातात.

---

कुसुमकाकू_बार्शी | १९ जानेवारी, सकाळी ११:१५

मुली, माझं वय ६१. माझं ऑपरेशन होऊन आठ वर्षं झाली. मला विचारलं होतं, मी विचार करून नको म्हटलं. दुसरी जखम, दुसरं अंथरूण मला नको होतं. मी घाबरून नाही म्हटलं नाही आणि धीराची आहे म्हणूनही नाही. माझं मन तिथे अडकलेलं नव्हतं, एवढंच. तुझं अडकलंय, ते तू अक्षतांचं लिहिलंस त्यातच कळलं. मन अडकलंय तर बघून घे.

आमच्या बार्शीत १९८७ पासून गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवतात. गाठ लपवू नका, लवकर दाखवा, हे आम्हा बायकांना तोंडपाठ झालंय. स्तन काढल्यावर पुढे काय, यावर मात्र दोन बायका एकमेकींशी बोलत नाहीत.

आता तुझी घडी का सरकते ते सांगते. नुसत्या कापसाला वजन नसतं, म्हणून हात वर केला की तो वर चढतो. जुन्या धोतराच्या मऊ कापडाची स्तनाच्या आकाराची पिशवी शिव. आत कापूस, आणि तळाशी वेगळ्या छोट्या पुरचुंडीत मोहरी. दुसऱ्या बाजूइतकं वजन वाटेपर्यंत मोहरी घाल. धुताना पुरचुंडी काढून घ्यायची. आणि मुख्य म्हणजे ब्राला आतून कापडाचा खिसा शिव, पिशवी त्या खिशात. मग गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलीस तरी हलणार नाही. सिलिकॉनचा तयार कपही मिळतो, तो मी घेतला होता. पण आपल्या एप्रिलच्या उन्हात त्याच्याखाली घामोळं उठतं. लोकरीचे नको, सुती धाग्याचे विणलेले मिळतात, काही स्वयंसेवी बायका विणून फुकट पाठवतात, तेही चांगले. एका बाजूला वजन नसलं की खांदा उचलला जातो आणि मान धरते, तेव्हा ऑपरेशन कर की नको करू, तोवर वजन हवंच.

पत्ता विपूत (विचारपुशीत) कळव. माप कळव. मी दोन शिवून पाठवते.

---

हप्तावाला | १९ जानेवारी, रात्री ८:२०

विम्याचं काम करतो, म्हणून तेवढंच लिहितो.

'प्लास्टिक सर्जरीला विमा नाही' हे ऐकून बरेच जण क्लेमच टाकत नाहीत. विमा नियामकाने २०१९ मध्ये न मिळणाऱ्या खर्चांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. त्यात ८ व्या क्रमांकाचं कलम सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळतं, पण त्याच वाक्यात अपवाद आहे : अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना. तुमच्या पॉलिसीत ते कलम काढून खूण करून ठेवा.

डॉक्टरांच्या पत्रात 'कॅन्सरमुळे स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना' असे शब्द हवेत, नुसतं 'कॉस्मेटिक' लिहून आलं तर पहिल्या टेबलावरच अडतं. आधी लेखी मंजुरी घ्या. दोन टप्प्यांचं ऑपरेशन असेल तर दुसरा टप्पा वेगळा क्लेम धरतात.

पॉलिसी नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) ऑपरेशनचं नेमकं नाव सांगून ते पॅकेजमध्ये बसतं का हे विचारा. 'कॅन्सरचं ऑपरेशन' असं मोघम विचारलं तर मोघमच उत्तर मिळतं.

---

सुईदोरा | १९ जानेवारी, रात्री १०:५०

समाधानकाकांना एक सांगावंसं वाटतं. १७९२ च्या सुमारास टिपूच्या सैन्याने कावसजी नावाच्या एका गाडीवानाचं नाक कापलं होतं. पुण्यातल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नाक करून दिलं. १७९४ मध्ये ते लंडनच्या मासिकात छापून आलं आणि युरोपातले सर्जन ते वाचून शिकले. कपाळाची कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासकट वळवायची आणि पाठीचा स्नायू त्याच्या रक्तपुरवठ्यासकट वळवायचा, तत्त्व एकच. कावसजी नाकाशिवाय जगला असता. तरी त्याला नाक हवं होतं, आणि त्याला कुणी 'दिसण्यासाठी कशाला' म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

रेवाताई, इम्प्लांटवर कंपनीचं नाव आणि नंबर असलेलं स्टिकर मिळालं असेल ते जपून ठेवा. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचा एक प्रकार, एका दुर्मीळ लिम्फोमाशी (एका प्रकारच्या कॅन्सरशी) संबंध आढळल्यामुळे जगभरातून परत मागवला होता. स्टिकरवरून तुमचा प्रकार कळेल. घाबरून काढून टाकायचं नसतं, सूज किंवा अचानक आकार वाढला तर दाखवायचं. आणि सिलिकॉनचं इम्प्लांट आत फाटलं तरी बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी एकदा सोनोग्राफी किंवा एमआरआय, पुढे दर दोन-तीन वर्षांनी. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, हे सांगायचं राहून जातं.

---

समाधान_६० | २० जानेवारी, सकाळी ६:५०

डॉक्टर, वाचलं. घरी मंडळींनाही वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर. आठ वर्षांत हे मला पहिल्यांदा कळलं. अबोलीताई, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो.

---

अबोली_सोलापूर | १५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

धागा वर काढते.

मुंबईला जाऊन आलो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, पहाटे दादर. मिस्टर सोबत होते. माढेकर, तुमचा प्रतिसाद त्यांना आधी वाचायला दिला होता.

सर्जनने तपासलं. पोट चिमटीत धरून बघितलं, म्हणाले इथे पुरेसं नाही, डीप तुमच्यात जमणार नाही. स्तनाचा आकार लहान आहे, त्यामुळे पाठीचा स्नायू बहुतेक इम्प्लांटशिवाय पुरेल, कमी पडलं तर नंतर चरबी भरू. काखेतली रक्तवाहिनी चांगली आहे. 'किती वेळा केलंय आणि रात्री कोण असतं' हे मी विचारलं. वही उघडून विचारलं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होणार नाहीत हेही स्पष्ट सांगितलं, फोटो दाखवले, त्यात चांगले झालेले होते आणि बेताचे झालेलेही होते. मिस्टरांनी तिथे तीन प्रश्न विचारले. येताना गाडीत म्हणाले, मला वाटायचं हा विषय काढला तर तुला वाईट वाटेल.

मे महिन्याच्या सुट्टीची तारीख ठरवली आहे. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत पाच-सहा आठवडे मिळतात. फळ्यावर लिहिता येईल, पण वह्यांचे गठ्ठे उचलायचे नाहीत. विम्याच्या मंजुरीचे कागद टाकले आहेत, पत्रात शब्द हप्तावाला म्हणाले तसेच लिहून घेतले.

सासूबाईंना वहीत पाठीचं चित्र काढून समजावलं. त्या अजून कशाला गं म्हणतात. पण काल विचारत होत्या, मेमध्ये किती दिवस माझ्याने स्वयंपाक होणार नाही.

कुसुमकाकू, दोन्ही पिशव्या पोचल्या. खिसा शिवून घेतला. सोमवारपासून घालून जाते. फळ्याच्या वरच्या ओळीपासून लिहायला सुरुवात करते, मागे वर्षभर मी मधूनच सुरू करत होते.

श्रीलता, एक विचारायचं होतं. पुढे टाके, पाठीला टाके आणि नळ्या, तर अम्मा झोपायची कशी?

---

श्रीलता_कुंभारी | १५ फेब्रुवारी, रात्री १०:०५

ताई, पहिले दहा-बारा दिवस टेकूनच. पाठीमागे तीन उशा उतरत्या लावायच्या, पाठीचे टाके दबणार नाहीत अशा, आणि ऑपरेशनच्या बाजूच्या हाताखाली एक मऊ उशी. नंतर अम्मा उजव्या कुशीवर झोपायची, तिची डावी बाजू होती. तुम्हाला डाव्या कुशीवर जमेल. नळीची बाटली गाऊनला आतून सेफ्टी पिनने लावा, नाहीतर उठताना ओढली जाते. पुढून बटणं असलेले चार सुती गाऊन आधीच शिवून ठेवा, मेमध्ये रोज दोन लागतील. आणि मला फोन करा, मी नळीचं पाणी कसं मोजायचं ते मिस्टरांना घरी येऊन दाखवते.